ट्रेनिंगचं जेवण: भरपूर दिलं तर पेंगतात, हलकं दिलं तर कुरकुरतात

पत्र थोडक्यात असं: एका ऑफिसात ट्रेनिंगची सगळी व्यवस्था बघणाऱ्या ताईंनी लिहिलंय. दर महिन्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं, २५ ते ३० माणसं, ट्रेनर बाहेरचा. आधी केटररकडून भरगच्च बुफे यायचा, तळलेलं, दोन-तीन ग्रेव्ह्या, वर गोड. दुपारी निम्मा हॉल पेंगायचा आणि ट्रेनरने शेवटी तक्रार केली. त्यात यंदा बजेटला कात्री लागली. म्हणून ताईंनी सूप आणि सॅलड सुरू केलं, तर कंपनी कंजूष झाली अशी कुजबुज सुरू झाली, काही जण गुपचूप बाहेर जाऊन खाऊन यायला लागले आणि दुपारचं सेशन अर्धा तास उशिरा सुरू व्हायला लागलं. शिवाय ग्रुपमध्ये शाकाहारी आहेत, व्हीगन (म्हणजे दूध-दहीही न खाणारे) आहेत, एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी, एक जण इन्सुलिनवर. ताई विचारतात, स्वस्त, हलकं आणि सगळ्यांना चालेल असं जेवण असतं तरी का, पॅक बॉक्स, कूपन, घरचा डबा यातलं काही बरं पडेल का, की हे काम सरळ दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारावं?

ताई, असतं. पण त्याआधी तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीतच धरलीय ती बघू. लोक पेंगतात ते जेवणामुळे, असं तुम्ही धरून चाललाय. ट्रेनरने सांगितलं, तुम्ही मान्य केलं, आणि सगळा दोष केटररच्या ग्रेव्हीवर गेला. खरं तर दुपारी साधारण १ ते ३ च्या मधे शरीराचं घड्याळच जरा मंदावतं, जेवला नाहीत तरी मंदावतं, आणि आदल्या रात्री झोप कमी झाली असेल तर जास्तच. भारी जेवण त्यात भर घालतं हे खरं, पण मुळात ती वेळच तशी आहे. म्हणजे उद्या तुम्ही लोकांना नुसती काकडी खायला घातलीत तरी २ वाजता दिवे घालवून ६० स्लाइड्सचं प्रेझेंटेशन सुरू केलं तर माणसं पेंगणारच की हो. तेव्हा ट्रेनरशी एकदा शांतपणे बोला. जेवणानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास लेक्चर नको, ग्रुपमधे करायचं काहीतरी ठेवा, उभं राहून करायचं असेल तर उत्तम. हॉलमधले दिवे पूर्ण लावा, पडदे उघडा. जेवणानंतर १० मिनिटं चालायला वेळ द्या, खाल्ल्यावर थोडं चाललं की रक्तातली साखर एकदम चढत नाही आणि अंगही जड वाटत नाही. कॉफी ४ वाजता देण्यापेक्षा जेवणाच्या शेवटी द्या, कारण कॅफीन चढायला अर्धा तास लागतो आणि अर्ध्यावर यायला ५ तासांच्या आसपास, म्हणजे ४ ची कॉफी त्या दिवशीच्या ट्रेनिंगला फारशी कामाची नाही आणि रात्रीची झोप घालवून दुसऱ्या दिवशीच्या सकाळी त्रास देणार. दोन दिवसांच्या ट्रेनिंगमधे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. या सगळ्याला खर्च शून्य आहे, म्हणून आधी सांगितलं.

आता जेवण. बुफेमधे जड काय होतं? तुम्ही म्हणाल तळलेलं, बरोबर, पण का ते बघा. एक ग्रॅम फॅटमधे ९ कॅलरी, कार्ब्ज आणि प्रोटीनमधे ४, आणि फॅट पोटातून पुढे सरकायलाही वेळ लावतं. एक टेबलस्पून तेल म्हणजे १२० कॅलरी. ग्रेव्हीवर तरंगणारा तवंग, तळणाचं शोषलेलं तेल आणि सॅलडवर ओतलेलं क्रीमचं ड्रेसिंग मिळून ताटात असे ३-४ चमचे सहज येतात आणि ते दिसत पण नाहीत. म्हणजे जेवण हलकं करायचं असेल तर कात्री तेलाला आणि गोडाला लावायची होती, तुम्ही लावलीत ती जेवणालाच.

हे रागाने नाही म्हणत हं. पण तुमच्या त्या सॅलडचा हिशोब करून बघा. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. काकडी, टोमॅटो आणि पानांचं २०० ग्रॅमचं मोठं बोल घेतलं तरी ३०-४० कॅलरी होतात. सोबत पातळ सूप. सकाळी ८ ला घरून निघालेला माणूस १ वाजता एवढं खाऊन ५ पर्यंत बसेल? तो बाहेर जाणारच, आणि बाहेर जाऊन तो काय खाणार तर जे पटकन आणि तळलेलं मिळतं तेच. म्हणजे तुमचे पैसेही गेले, वेळही गेला आणि दुपारी झोपही आलीच. बाहेर जाणारे लोक बेशिस्त नाहीत ताई, भुकेले आहेत. त्यांना मेल पाठवून 'वेळेवर या' म्हणण्यात अर्थ नाही.

तर मी काय करीन ते सांगते. एकच मुख्य पदार्थ, पण तो भरपूर. आणि तो असा निवडायचा की ग्रुपमधला सगळ्यात जास्त पथ्य असलेला माणूसही तो खाऊ शकेल. म्हणजे धान्य, कडधान्य आणि भाज्या, त्यात दूध-दही-चीज नाही, अंडं-मांस नाही, शेंगदाणे-सुकामेवा-तीळ नाही. भात किंवा दुसरं कुठलं धान्य, त्यावर राजमा, चणे किंवा मसूर, आणि भाजलेल्या नाहीतर परतलेल्या भाज्या. बाकी सगळं बाजूला वेगळ्या भांड्यांत: उकडलेली अंडी, चिकनचे तुकडे, दही, चीज, चटण्या, ड्रेसिंग. ज्याला जे हवं ते त्याने वरून घ्यायचं. यात दोन फायदे एकदम होतात. एक म्हणजे शाकाहारी वेगळं, व्हीगन वेगळं, अमक्याचं वेगळं असे चार मेनू मागवावे लागत नाहीत, आणि केटररचं बिल फुगतं ते अशा छोट्या छोट्या वेगळ्या ऑर्डरींनीच. दुसरं, महाग वस्तू पोट भरायला लागत नाहीत, वरून घ्यायला लागतात, म्हणून त्या थोड्या असल्या तरी पुरतात. पोट भरायचं काम कडधान्य करतं आणि प्रोटीनच्या वस्तूंमधे कडधान्याएवढं स्वस्त क्वचितच काही असतं.

प्रमाण विचाराल म्हणून सांगते. माणशी कच्चा तांदूळ ६० ते ७५ ग्रॅम, कडधान्य कोरडं ४० ते ५० ग्रॅम. शिजल्यावर तांदूळ अडीच ते तीन पट होतो, कडधान्य दुप्पट-अडीचपट. ३० माणसांना म्हणजे २ किलो तांदूळ आणि दीड किलोच्या आत कडधान्य. भाज्या माणशी दीडशे ग्रॅम तरी हव्यातच, तिथे हात आखडू नका कारण ताट भरलेलं दिसतं ते भाज्यांमुळे. भात-कडधान्याचं १५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन होतं, वर एक अंडं घेतलं की आणखी ६, म्हणजे २० च्या पुढे गेलं आणि ५ वाजेपर्यंत माणूस निवांत. सँडविच किंवा रोल द्यायचे असले तरी हाच हिशोब लावा, आत काय आणि किती भरलंय ते बघा, नुसता ब्रेड आणि चीजची एक पातळ स्लाइस म्हणजे परत तीच सूपवाली गोष्ट.

गोड? एकदम बंद केलंत तर तोंडं वाकडी होतील. फळं द्या, पण कापलेली नकोत. केळी, संत्री, सफरचंद, जे त्या वेळी स्वस्त असेल ते अख्खं. कापलेल्या फळांत कापण्याचे, पॅकिंगचे पैसे लागतात, ती काळी पडतात आणि उरली की फेकावी लागतात. अख्खं फळ उरलं तर ४ वाजताच्या चहासोबत परत टेबलावर येतं आणि दुसऱ्या दिवशीही चालतं. बाटलीबंद ज्यूस आणि सॉफ्ट ड्रिंक मात्र खरंच काढून टाका, पाण्याचे जग भरून ठेवा. एवढ्यानेच बिलात फरक दिसेल.

आता टेबल कसं लावायचं हे कुणी सांगत नाही आणि सगळी गंमत तिथेच असते. पुढच्या वेळी बाजूला उभं राहून फक्त बघा. रांगेत पहिलं काय येतं? बहुतेक भात नाहीतर ब्रेड. हातातली प्लेट मोकळी असते, भूक लागलेली असते, माणूस दोन मोठे डाव घेतो. मग ग्रेव्ही. मग तळलेलं. शेवटच्या टोकाला कोशिंबीर नाहीतर सॅलड, तोवर प्लेटमधे जागाच उरलेली नसते, मग तो चमच्याच्या टोकाने दोन तुकडे भातावर ठेवतो आणि निघतो. आणि मग आपण म्हणतो लोकांना भाज्या आवडत नाहीत! रांग उलटी लावा. आधी भाज्या, मग कडधान्य, मग भात, शेवटी वरून घ्यायच्या वस्तू. प्लेट थोडी लहान ठेवा आणि परत घ्यायला या असं मोकळेपणाने सांगा. टेबल भिंतीला चिकटवू नका, मधे घ्या म्हणजे दोन्ही बाजूंनी रांग लागते. एका माणसाला वाढून घ्यायला अर्धा मिनिट धरलं तरी ३० माणसांना एका रांगेत १५ मिनिटं लागतात, दोन रांगांत निम्मी. पाऊण तासाच्या सुट्टीत ही ७-८ मिनिटं फार मोठी असतात.

ॲलर्जीचा विषय मात्र चालढकलीचा नाही. ट्रेनिंगचं निमंत्रण जातं त्यातच एक ओळ घाला, 'कुठल्या पदार्थाची ॲलर्जी आहे का, काय खात नाही', आणि उत्तर फक्त तुम्हालाच येऊ दे, सगळ्यांसमोर हात वर करायला लावू नका. कारण कुणी धर्मामुळे खात नसतं, कुणी गरोदर असते आणि ऑफिसात अजून सांगितलेलं नसतं, कारण विचारायची गरजच नाही. ॲलर्जी जास्त करून होते त्या वस्तू ठरलेल्या आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखं, बदाम-काजूसारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया आणि तीळ. अमेरिकेच्या लेबलच्या नियमांत तीळ २०२३ पासून आले, युरोपच्या यादीत एकूण १४ गोष्टी आहेत. तुमच्या इथला नियम काहीही असो, वरच्या नऊंपैकी कुठल्या भांड्यात काय आहे ते मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून त्या भांड्यासमोर ठेवा. आणि प्रत्येक भांड्याला स्वतःचा चमचा. शेंगदाण्याच्या चटणीतला चमचा उचलून कुणी शेजारच्या भाज्यांत घातला की झालं, तुमचं कार्ड खोटं ठरलं. तुमच्याकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला माणूस आहे हे माहीतच आहे, मग त्या दिवशी शेंगदाणे मागवूच नका, कशाला जोखीम. त्याला सुकामेवा चालतो का हेही त्यालाच विचारा, शेंगदाणा तसा कडधान्यांच्या कुळातला, त्यामुळे एकाची ॲलर्जी म्हणजे दुसऱ्याचीही असेलच असं नाही आणि नसेलच असंही नाही.

इन्सुलिनवर असलेल्या तुमच्या सहकाऱ्याला पदार्थाइतकीच वेळही महत्त्वाची आहे, हे मला जास्त ठळकपणे सांगायचंय. इन्सुलिन किंवा डायबेटिसच्या काही गोळ्या घेणाऱ्याचं जेवण लांबलं तर साखर खाली जाऊ शकते, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, आणि तो माणूस ट्रेनरसमोर उठून 'मला आता खायचंय' म्हणायला लाजतो. म्हणून १ म्हणजे १. ट्रेनरला सकाळीच सांगायचं की विषय संपला नसला तरी १ ला थांबायचं, उरलेलं नंतर. बरेच ट्रेनर 'फक्त पाच मिनिटं' म्हणत पाऊण तास खातात, ते तुम्हीच थांबवायला हवं, तो अधिकार तुमचा आहे.

तुम्ही दुसरेही मार्ग विचारलेत. एकेकाचा पॅक बॉक्स बरा पडतो का? मोजून येतो, वाटायला दोन मिनिटं, ॲलर्जीवाल्याच्या बॉक्सवर नाव टाकता येतं. पण माणशी महाग पडतो, कचरा ढीगभर, आणि कमी खाणारा अर्धा टाकतो तर जास्त खाणारा उपाशी. १० माणसांपर्यंत बॉक्स, त्याच्या पुढे मोठ्या ट्रे, असं मी साधारण ठरवीन, आणि ट्रे मागवल्या तरी ज्यांना गंभीर ॲलर्जी आहे त्यांचा बॉक्स वेगळा बंदच ठेवीन. कूपन किंवा भत्ता देऊन लोकांना बाहेर सोडणं सगळ्यात सोपं वाटतं, पण लोक पांगतात आणि एकत्र परत येत नाहीत, ते तुम्ही भोगलंयच. घरचा डबा आणायला सांगणं वाईट नाही, पण मग ते आधी स्पष्ट सांगा आणि फ्रीज, गरम करायची सोय खरंच आहे का बघा. ३० माणसं एका मायक्रोवेव्हपुढे म्हणजे सुट्टी संपली. जेवता जेवता ट्रेनिंग चालू ठेवू, वेळ वाचेल, असं वरचे सुचवतील. नको म्हणा. डोकं तिथे थोडं रिकामं व्हायला हवं आणि तोंडात घास असताना कुणी प्रश्न विचारत नाही.

एक मार्ग मात्र तुम्ही विचारलाच नाहीत. दोन पूर्ण दिवसांऐवजी चार सकाळी घेतल्या तर? ९ ते १, मधे चहा आणि काहीतरी छोटं, आणि जेवणाचा प्रश्नच मिटला. बाहेरगावहून येणारे असतील किंवा ट्रेनर दिवसावर पैसे घेत असेल तर जमणार नाही, मान्य. पण सगळे तिथलेच असतील तर विचारून तरी बघा, दुपारच्या त्या मंद तासांशी भांडायचीच गरज उरत नाही.

केटररशी बोलताना 'माणशी किती' एवढंच विचारून फोन ठेवू नका. जेवण, पोचवायचे पैसे, प्लेटा-चमचे आणि ड्रिंक्स वेगवेगळे लिहून मागा, कमीत कमी किती ऑर्डर लागते तेही विचारा, आणि त्यांच्या ठरलेल्या पॅकेजमधून तळलेलं आणि गोड काढलं तर किती कमी होतील हा प्रश्न तर विचाराच, विचारल्याशिवाय कुणी कमी करत नाही. येणाऱ्यांची पक्की नावं दोन दिवस आधी बंद करा. दर वेळी २-३ जण ऐनवेळी गळत असतील तर ट्रेमधलं जेवण तेवढ्यांचं कमी मागवा, पण पथ्यवाल्यांचं कधीच कमी करू नका.

उरलेल्याचं काय हे आधीच ठरवा, कारण ४ वाजता उरलेल्या ट्रेमधलं कुणी चमच्याने खात उभं राहतंच. गरम पदार्थ ६० डिग्रीच्या वर, थंड ५ च्या खाली, आणि मधल्या तापमानात २ तासांपेक्षा जास्त नाही, हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर १ तासच. भाताची विशेष काळजी घ्या. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तसाच बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं जे विष तयार होतं ते परत गरम करूनही जात नाही. म्हणून केटररला साडेअकराला नाही, पावणेएकला बोलवा, आणि जे उरलं ते लगेच डब्यांत भरून फ्रीजमधे नाहीतर घरी नेणाऱ्याच्या हातात, टेबलावर नाही. मोड आलेली कच्ची कडधान्यं तब्येतीला चांगली म्हणून हल्ली सगळीकडे ठेवतात, ग्रुपच्या जेवणात मी ती उकडूनच ठेवीन, कच्च्या मोडांत जंतू वाढायला छान हवा मिळते आणि गरोदर बायकांना तर ती नकोच म्हणतात.

कंजूषपणाच्या कुजबुजीबद्दल. लोक साध्या जेवणाला नावं ठेवत नाहीत, संपलेल्या जेवणाला ठेवतात. शेवटच्या पाच जणांना रिकामी ट्रे दिसली की गोष्ट महिनाभर ऑफिसात फिरते, तेव्हा भात-कडधान्य थोडं जास्तच येऊ दे, ते स्वस्तच आहे. आणि मेनू निमंत्रणातच लिहा म्हणजे कुणी बुफेच्या आशेवर येणार नाही, ज्याला सोबत काही आणायचंय तो आणेल. फीडबॅक फॉर्ममधे 'जेवण कसं वाटलं' विचारू नका, त्यावर सगळे ३ नाहीतर ४ टिक करतात. त्यापेक्षा दोन गोष्टी लिहून ठेवा: कुठल्या भांड्यात किती उरलं, आणि दुपारी किती जण उशिरा आले. तीन-चार ट्रेनिंगनंतर तुमच्याकडे बजेटवाल्यांना दाखवायला काहीतरी असेल, आणि पुढची ऑर्डर अंदाजाने द्यावी लागणार नाही.

राहिला प्रश्न काम सोडायचा. इतक्यात सोडू नका, पण एकटीने करू नका. १२:४५ ते १:१५ एवढा अर्धा तास एक माणूस मदतीला मागून घ्या, कार्डं लावायला, चमचे बघायला, रिकामी होणारी ट्रे भरायला. आणि ट्रेनरने १ ला थांबायचं हे तुमच्या बॉसकडून ट्रेनरच्या करारातच लिहून घ्या, म्हणजे दर वेळी दारात उभं राहून घड्याळ दाखवायला नको.